दिवस जाण्याआधी दातांची कामं: कधी, कोणती आणि कोणत्या क्रमाने

गरोदरपणात दाढ धरून येणाऱ्या बायकांचं पहिलं वाक्य मला आता पाठ झालंय. "डॉक्टर, दुखत आधीपासूनच होतं, पण म्हटलं बघू नंतर." नववा-दहावा आठवडा असतो, टूथपेस्टच्या वासानेही ढवळतं, आणि त्यात रात्रभर ठणका. उपचार तेव्हाही करता येतात आणि करायलाच हवेत. पण ते मळमळ सांभाळत, प्रत्येक गोळीआधी दहादा विचारत करावे लागतात. तेच काम चार महिने आधी झालं असतं, तर दोन-तीन बैठकांत विषय संपला असता.

ज्या आधी येतात त्यांची चूक वेगळी. त्या थेट क्लीनिंग करून घेतात. दात जिभेला गुळगुळीत लागतात आणि "दातांचं झालं" म्हणून विषय मिटतो. दोन दाढांच्या मधली लपलेली कीड, अर्धवट आलेली अक्कलदाढ, हिरडीखालचं कीटण मात्र जागच्या जागी. म्हणून खाली कामांइतकाच भर त्यांच्या क्रमावर दिला आहे.

## टप्पा १: महिना ठरवा आणि उलटं मोजा

ज्या महिन्यापासून प्रयत्न सुरू करायचे, त्याच्या निदान चार महिने आधी पहिली तपासणी व्हावी. सहा महिने मिळाले तर उत्तम. हिरडीखालच्या खोल सफाईनंतर हिरडी कितपत सुधारली हे सहा ते आठ आठवड्यांनी कळतं, त्याआधी नाही. रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप धरली तर दोन ते चार आठवडे सहज जातात. अक्कलदाढ काढली तर हिरडीची जखम दोन-तीन आठवड्यांत मिटते. आतलं हाड भरायला काही महिने लागतात. तेवढं थांबायची गरज नसते, पण सुजेचा आणि औषधांचा काळ तरी उलटून जावा.

आयव्हीएफसारखे उपचार घेणार असाल तर तारखा बऱ्याच आधी हातात असतात. त्याचा फायदा घ्या. इंजेक्शनं सुरू झाल्यावर दाढ सुजली, तर दोन्हीकडच्या डॉक्टरांच्या वेळा जुळवताना तुमचीच दमछाक होते.

## टप्पा २: जाण्याआधी आठवडाभर घरी लक्ष ठेवा

डेंटिस्टच्या खुर्चीत बसलं की माणूस निम्मं विसरतो. म्हणून आठवडाभर रात्री ब्रश झाल्यावर दोन मिनिटं आरशासमोर उभं राहा आणि दिसेल ते लिहून ठेवा.

थुंकलेला फेस गुलाबी दिसतो का? दिसत असेल तर कुठल्या बाजूला ब्रश फिरवल्यावर, तेही लिहा. एकाच फटीत रोज घास अडकतो का? गार पाणी लागलं की एखादाच दात झिणझिणतो का, आणि ती कळ लगेच जाते की मिनिटभर रेंगाळते? रेंगाळणारी कळ, किंवा गरम लागून सुरू होणारी कळ, दाताच्या नसेपर्यंत काहीतरी पोचल्याचं लक्षण असू शकतं. हिरडीवर मुरमासारखी पुळी येते, फुटते, पुन्हा येते, असं कधी झालंय का? ती दुखत नाही म्हणून बायका सांगतच नाहीत. बहुतेक वेळा आत साचलेल्या पुवाला ती वाट मिळालेली असते, म्हणून दुखत नसतं.

याच कागदावर सध्याची सगळी औषधं, थायरॉइड किंवा मधुमेह असल्यास ताजे रिपोर्ट, कशाची ॲलर्जी असेल तर ती, आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहा. मधुमेह असेल तर ही नोंद फारच महत्त्वाची आहे. वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

सावध: ब्रश करताना रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावणंच सोडून देणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. रक्त येतं ते दातांवर जंतूंचा चिकट थर साचून हिरडी सुजल्यामुळे. ब्रश सोडला की थर वाढतो, आणि पुढच्या वेळी रक्तही जास्त येतं.

आणखी एक: तंबाखू ओढत किंवा खात असाल तर हिरडीतून रक्त न येणं ही चांगली खूण समजू नका. तंबाखूने हिरडीचं रक्त दबतं आणि आजार झाकला जातो. तंबाखू सोडायची तर या चार महिन्यांत सोडा. गर्भासाठी ते हिरड्यांपेक्षाही जास्त गरजेचं आहे.

## टप्पा ३: तपासणीत काय काय व्हायला हवं

खुर्चीत बसल्यावर पहिलंच वाक्य असावं, "आम्ही बाळाचा विचार करतोय." पुष्कळजणी संकोचतात, किंवा गरोदर राहिल्यावरच सांगायचं असतं असं समजतात. पण या एका वाक्याने एक्स-रे कधी काढायचा, कुठलं औषध टाळायचं, दाढेत काय भरायचं, कुठलं काम आधी घ्यायचं, सगळंच बदलू शकतं.

त्यानंतर हिरड्यांची मोजणी. एक बारीक, बोथट टोकाची सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. ती दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत अलगद सोडतात आणि डॉक्टर मदतनिसाला आकडे सांगत जातात: दोन, तीन, दोन, तीन, तीन, पाच. एक ते तीन ठीक. चार आणि त्यापुढचा आकडा म्हणजे तिथे खिसा तयार झालाय, आणि त्याच्या तळाशी ब्रश काय, फटींत फिरवायचा दोराही (फ्लॉस) पोचत नाही. हे आकडे मोठ्याने सांगितले जात असतील तर कान देऊन ऐका. कुणीच मोजलं नाही तर स्वतः विचारा, "हिरड्यांचे खिसे मोजायचे का?" नुसत्या नजरेने हिरडी गुलाबी दिसली म्हणजे ती निरोगी आहे असं होत नाही.

मग एक्स-रे. दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात तिथली सुरुवातीची कीड डोळ्यांना दिसत नाही. जुन्या रूट कॅनालच्या मुळाशी पुन्हा काही शिजतंय का, हेही वरून कळत नाही. दातांच्या एक्स-रेला किरणं अगदी कमी लागतात आणि गरज पडली तर गरोदरपणातही तो काढता येतो. तरीही तपासणीचे एक्स-रे आधीच उरकलेले बरे, कारण नंतर तुम्हालाच धाकधूक होते आणि तुम्ही "नको" म्हणता. पाळी दोन-चार दिवस जरी लांबली असेल तरी ते आधी सांगा आणि घरी चाचणी करून मगच जा.

निघण्याआधी तपासून घ्या: कुठल्या दातांना काय करायचं, त्यातलं आधी कुठलं, किती बैठका, आणि कुठलं काम बाळंतपणानंतरही चालेल? चारही उत्तरं कागदावर लिहून घ्या. "थोडं क्लीनिंग आणि दोन फिलिंग" एवढ्यावर उठू नका.

## टप्पा ४: कामं या क्रमाने घ्या

पहिलं: पू, ठणका आणि मुळाशी गेलेला संसर्ग. रूट कॅनाल लागणार असेल किंवा दात वाचण्यासारखा नसेल, तर ते काम सगळ्यांत आधी. आणि इथे एक सापळा आहे. रूट कॅनालच्या पहिल्या बैठकीतच दुखणं थांबतं. तात्पुरतं सिमेंट भरून पाठवलेलं असतं, त्यावर जेवता येतं, म्हणून पुढची तारीख टळत जाते. ते सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. झिजून त्याच्या कडेने जंतू आत शिरले, की आधी नव्हता असा पू होतो. रूट कॅनाल सुरू केलं की ते भरून, गरज असेल तर कॅप बसवूनच थांबायचं. कॅपशिवाय सोडलेली दाढ एखादा कडक घास चावताना उभी चिरते, आणि मग काढण्यावाचून इलाज राहत नाही.

दुसरं: हिरड्या. खिसे तीन मिलिमीटरच्या आत असतील तर साधं स्केलिंग, म्हणजे नेहमीचं क्लीनिंग, पुरतं. खोल खिसे असतील तर हिरडीखालची सफाई करावी लागते, बहुतेकदा भूल देऊन, दोन किंवा चार बैठकांत. "स्केलिंगने दात हलायला लागतात" ही भीती मला रोज ऐकू येते. दातांच्या फटीत भिंतीसारखं चढलेलं कीटण निघालं की तिथे जीभ जाते आणि दात सुटे झाल्यासारखं वाटतं. गार पाणीही काही दिवस झोंबतं. दोन्ही गोष्टी ओसरतात. कीटण तसंच ठेवून दात "घट्ट" राखणं म्हणजे खालचं हाड झिजू देणं.

तिसरं: कीड आणि फुटलेली फिलिंग. नवं फिलिंग करताना पारा असलेलं चांदीच्या रंगाचं मिश्रण टाळा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०२० साली गरोदर आणि गरोदरपणाचा बेत असलेल्या स्त्रियांसाठी हाच सल्ला दिला. पण तोंडात आधीपासून असलेलं, न फुटलेलं असं फिलिंग "बाळासाठी" म्हणून उकरून काढू नका. ड्रिल करताना पाऱ्याची वाफ जास्त सुटते, आणि तेच तर टाळायचं असतं. हा सल्लाही एफडीएनेच त्याबरोबर दिलेला आहे. लोक पहिला अर्धा वाचतात आणि दुसरा सोडतात.

चौथं: अक्कलदाढ. सरसकट काढायची नाही. हाडात पूर्ण गाडलेली, कधीही न दुखलेली दाढ राहू द्या. अर्धी वर आणि अर्धी हिरडीखाली अशी असेल, तिच्यावरच्या हिरडीच्या झाकणाखाली अन्न अडकून एकदा-दोनदा सूज येऊन गेली असेल, तर तिचा निकाल आताच लावा. गरोदरपणात हिरड्या सुजतात तेव्हा हे झाकणही फुगतं, वरची दाढ त्यावर चावा घेत राहते आणि तोंड उघडणं मुश्कील होतं.

शेवटी किंवा नंतर: दात पांढरे करणं बाळंतपणानंतर. इम्प्लांट अनेक महिने चालतं, म्हणून आत्ता सुरू करण्याची घाई नको. दात सरळ करायच्या तारा चालू असतील तर काढायची गरज नाही, पण त्याभोवतीची सफाई दुपटीने करावी लागेल हे मान्य करून ठेवा.

औषधांबाबत सावध: हिरड्यांच्या उपचारात कधीकधी डॉक्सीसायक्लिन देतात. ते टेट्रासायक्लिनच्या कुळातलं आहे. हे कूळ गरोदरपणात टाळतात, कारण बाळाच्या घडत असलेल्या दातांवर कायमचा पिवळा-करडा रंग चढू शकतो. म्हणून चिठ्ठी हातात पडली की विचारा, "हे औषध चालू असताना दिवस राहिले तर?" वेदनाशामक म्हणून पॅरासिटामॉल हा पहिला पर्याय. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्रयत्न सुरू असताना स्वतःच्या मनाने घेऊ नका, आणि गरोदरपणाच्या २० व्या आठवड्यापासून तर डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय नाहीच.

## टप्पा ५: फेरतपासणी

हा टप्पा सगळ्यांत जास्त गळतो. दुखत काही नसतं, दात छान दिसत असतात, मग कोण जातं? पण खिसे भरले की नाहीत हे पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही. पाचाचा आकडा तीनवर आला तर काम झालं. पाचच राहिला तर तिथे पुन्हा सफाई लागेल, आणि त्यासाठीच आपण महिने हातात ठेवले होते.

हा आग्रह कशासाठी, तेही सांगते. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढल्यामुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा वाढतो आणि थोड्याशा थरालाही त्या फार चिडतात. ६० ते ७५ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये हिरड्यांची सूज दिसते. आधीपासूनच खिसे असतील तर पुढचे महिने जड जातात.

हिरड्यांच्या आजारामुळे बाळ वेळेआधी जन्मतं, असं ठासून सांगणारे मजकूर तुम्ही वाचले असतील. दोन्हींचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे, हे खरं. पण २००६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ८२३ गरोदर स्त्रिया होत्या. गरोदरपणात केलेल्या खोल सफाईने त्यांच्या हिरड्या सुधारल्या, उपचार सुरक्षित ठरले, वेळेआधीच्या प्रसूती मात्र कमी झाल्या नाहीत. तेव्हा ही भीती मनात धरून उपचार घेऊ नका. गरोदरपणात नीट चावून जेवता यावं आणि रात्री झोप लागावी, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

## टप्पा ६: हाताची सवय आधीच बसवा

मळमळ सुरू झाल्यावर नवी सवय लागत नाही. ती आत्ता लावा.

मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या. केस अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर येतील असा ४५ अंशांत तिरपा धरा. जागच्या जागी अगदी बारीक हलवा, एका वेळी दोनच दात, मग पुढे सरका. दाबाचा अंदाज असा: ब्रशचे केस बाहेर फाकत असतील तर जोर जास्त होतोय. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, त्यातला रात्रीचा ब्रश कधीही चुकवू नये असा. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू सगळ्याच विसरतात आणि कीटण सगळ्यांत आधी तिथेच जमतं.

दिवसातून एकदा फ्लॉस किंवा फटींचा छोटा ब्रश वापरा. पहिले आठ-दहा दिवस रक्त येईल. रोज करत राहिलात तर ते कमी होत जातं. दोन आठवड्यांनंतरही त्याच जागी येत असेल तर हिरडीखाली कीटण आहे, आणि ते घरी निघणार नाही.

टूथपेस्टमध्ये फ्लोराइड हवं, ट्यूबवर १००० ते १५०० पीपीएम लिहिलेलं असतं. "बाळाचा विचार आहे म्हणून" फ्लोराइड नसलेली पेस्ट आणणाऱ्या बऱ्याचजणी भेटतात. हे उलटं आहे. कीड रोखण्याचं काम तेच तर करतं. ब्रश झाल्यावर नुसतं थुंका. लगेच खळखळून चूळ भरली की दातावरचं फ्लोराइड वाहून जातं.

क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी दिला तर सांगितलेल्या दिवसांपुरताच, आणि ब्रशनंतर अर्धा तास सोडून. पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा जोर कमी होतो. महिनोन्‌महिने वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

गोड किती खाता यापेक्षा किती वेळा खाता हे पाहा. प्रत्येक वेळी तोंड वीस-तीस मिनिटं आम्लयुक्त राहतं. गरोदरपणात थोडंथोडं, वारंवार खावं लागतं, ते टळणार नाही. म्हणून प्रत्येक खाण्यानंतर साध्या पाण्याने चूळ, ही सवय आत्ताच लावून घ्या.

## टप्पा ७: चाचणी पॉझिटिव्ह आली की

उलटी झाल्याबरोबर ब्रश करू नका. पोटातल्या आम्लाने दातावरचं कवच त्या वेळी मऊ झालेलं असतं आणि ब्रशने ते घासलं जातं. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा, त्याने चूळ भरा आणि तासाभराने ब्रश करा. "बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं" ही समजूत खरी नाही. दात झिजतात ते या आम्लामुळे आणि किडतात ते साचलेल्या थरामुळे.

पेस्टच्या वासाने ढवळत असेल तर सौम्य चवीची घ्या, किंवा दिवसातली मळमळ सगळ्यांत कमी असलेली वेळ ब्रशसाठी ठेवा. सकाळीच करायला हवं असं काही नाही.

हिरडीवर लालभडक, सहज रक्त येणारी गाठ आली तर घाबरू नका. काहीजणींना ती येते, कॅन्सर नसतो, आणि बाळंतपणानंतर बहुतेकदा आपोआप विरते. दाखवून मात्र ठेवा.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे: गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणं, गिळायला त्रास. यात कुठलाही महिना आडवा येत नाही.

## काम उरलं आणि दिवस राहिले, तर

सुरू केलेलं अर्धवट सोडू नका. अर्ध्यावर थांबलेलं रूट कॅनाल ही थांबण्याची सगळ्यांत वाईट जागा. थांबू शकणारी कामं साधारण १४ ते २० आठवड्यांच्या दरम्यान घेणं सोयीचं, कारण मळमळ ओसरलेली असते आणि पोट अजून अवघडलेलं नसतं. भुलीसाठी वापरतात ते लिग्नोकेन गरोदरपणात चालतं. त्याच्या भीतीने दुखणं सोसत बसू नका.

शेवटच्या तीन महिन्यांत खुर्चीत पाठीवर सपाट झोपलं तर गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतं आणि चक्कर येऊ शकते. घरून एक छोटी उशी न्या, ती उजव्या कुशीखाली सरकवून शरीर थोडं डावीकडे कललेलं ठेवा, आणि डोकं हलकं वाटायला लागलं तर हात वर करून काम थांबवायला सांगा.